वजा पावणेचार

मराठीत अपूर्ण संख्या बोलण्यासाठी जे शब्द रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात एक बेरीज किंवा एक वजाबाकी दडलेली असते, आणि ती इतकी मुरलेली असते की बोलणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. ‘सव्वादोन’मधील ‘सव्वा’ हा ‘सपाद’, म्हणजे ‘पावासहित’, या संस्कृत शब्दापासून आला. ‘साडेतीन’मधील ‘साडे’ हा ‘सार्ध’, म्हणजे ‘अर्ध्यासहित’, यापासून. तर ‘पावणेचार’मधील ‘पावणे’ हा ‘पादोन’, म्हणजे ‘पावाने उणा’, यापासून. ‘अडीच’चा उगम ‘अर्धतृतीय’ या शब्दात आहे, ज्याचा अर्थ पहिले दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा असा होतो, आणि त्याच धर्तीवर ‘अर्धचतुर्थ’ या शब्दापासून साडेतीन या अर्थाचा ‘औट’ तयार झाला. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी यांच्या पाठोपाठ जी औटकी घोकून घेतली जाई, ती या औटाचीच.

या शब्दांचे सरळ दोन वर्ग पडतात. सव्वा आणि साडे हे पूर्णांकात भर घालतात, पावणे मात्र पुढच्या पूर्णांकातून काढून घेते. म्हणजे सव्वातीन सांगताना बोलणारा तीनापाशी उभा राहून पुढे पाहतो आणि पावणेचार सांगताना चारापाशी उभा राहून मागे पाहतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त या दोन वर्गांना स्वतंत्र नावे आहेत. पूर्णांकाला अपूर्णांक जोडला असेल तर तो ‘भागानुबंध’ आणि पूर्णांकातून अपूर्णांक काढला असेल तर तो ‘भागापवाह’. ग्रंथातील उदाहरणे मराठी कानाला ओळखीची वाटतील, कारण भागानुबंधासाठी पावासह दोन आणि भागापवाहासाठी पावाविना तीन, म्हणजेच सव्वादोन आणि पावणेतीन, अशा संख्या तेथे घेतल्या आहेत. दोन्हींसाठी नियमही एकच आहे: पूर्णांकाला छेदाने गुणावे आणि अंश धन असेल तर त्यात मिळवावा, ऋण असेल तर वजा करावा. त्यामुळे सव्वादोन म्हणजे ९/४ आणि पावणेतीन म्हणजे ११/४ हे एकाच सूत्रातून निघते.

आजच्या शालेय गणितात यांपैकी फक्त भागानुबंध उरला आहे. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘पूर्णांकयुक्त अपूर्णांक’ म्हणतात तो, उदाहरणार्थ २ ३/४, नेहमी बेरजेचाच असतो. पावणेतीन हा शब्द तीनातून पाव काढायला सांगत असला तरी कागदावर मात्र दोन आणि तीन चतुर्थांश असेच लिहिले जाते. शिवाय ही बेरीज लिहूनही दाखवली जात नाही, कारण २ आणि ३/४ यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह नसते. बीजगणितात दोन अक्षरे शेजारी ठेवली की त्यांचा गुणाकार समजतात आणि अंकगणितात पूर्णांकाशेजारी अपूर्णांक ठेवला की त्यांची बेरीज समजतात, ही विसंगती विद्यार्थ्यांना कुणी फारशी समजावून सांगत नाही, आणि वरच्या वर्गांत पूर्णांकयुक्त अपूर्णांक हळूहळू दिसेनासे होऊन ११/४ सारखे अंशाधिक अपूर्णांक, म्हणजे छेदापेक्षा अंश मोठा असलेले, त्यांची जागा का घेतात याचे एक कारणही तीच आहे. धन संख्यांपुरते हे अदृश्य अधिक कोणाला त्रास देत नाही. संख्येच्या डाव्या बाजूला ऋण चिन्ह येऊन बसले की मात्र ते चिन्ह कुठवर पोचते हा प्रश्न उभा राहतो.

ऋण संख्यांच्या बेरजेचे नियम स्पष्ट शब्दांत मांडण्याचे श्रेय ब्रह्मगुप्ताकडे जाते. ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’च्या अठराव्या अध्यायात त्याने धन, ऋण आणि शून्य या तिन्हींचे व्यवहार सांगितले, ज्यांचा आशय असा की दोन धनांची बेरीज धन होते, दोन ऋणांची ऋण होते, एक धन आणि एक ऋण असेल तर त्यांच्यातील अंतर घ्यावे, आणि दोन्ही सारखीच असतील तर शून्य उरते. धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज हा त्या शब्दांचा व्यवहारातला अर्थ असल्याने नियम पटवून देण्याची वेगळी गरज पडत नाही: दोन ठिकाणची देणी एकत्र केली तर देणेच वाढते. भारताच्या आधी चीनमध्येही अशा संख्यांचा हिशेब होत असे. तेथे मोजणीच्या काड्यांपैकी लाल काड्या धन आणि काळ्या काड्या ऋण दाखवीत, आणि ‘गणिताचे नऊ अध्याय’ या ग्रंथावर लिऊ हुइने २६३ मध्ये लिहिलेल्या टीकेत त्यांचा खुलासा आहे.

कर्जाची हीच उपमा ऋण चिन्हाच्या पोचेचा प्रश्नही सोडवते. एखाद्याच्या नावे पावणेतीन रुपये देणे असेल, तर दोन रुपये देणे आणि बारा आणे येणे असा त्याचा अर्थ कोणी लावणार नाही. रुपयेही देणे असतात आणि आणेही देणेच असतात. म्हणून −२ ३/४ या लेखनाचा अर्थ −(२ + ३/४) असा, म्हणजेच −२ − ३/४ असा आहे. अदृश्य अधिक कंसाच्या आत आहे आणि ऋण चिन्ह कंसाच्या बाहेर आहे, एवढ्या एका वाक्यात या प्रकरणातील सगळी अडचण सामावलेली आहे. मात्र कागदावर कंस नसतो, ऋण चिन्ह पूर्णांकाला खेटून असते, अपूर्णांक लहान ठशात थोडा दूर छापलेला असतो, आणि डोळ्याला असे वाटते की ऋण आहे ते फक्त दोन, तीन चतुर्थांशाचा त्या चिन्हाशी काही संबंध नाही.

जुन्या भारतीय लेखनपद्धतीत हा घोटाळा होण्यास वाव कमी होता. तिच्यात पूर्णांक वर, त्याखाली अंश आणि त्याखाली छेद अशी उभी मांडणी असे, मधली आडवी रेघ नसे, आणि भास्कराचार्यांच्या परंपरेत ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू देत. बिंदू अंशावर असेल तर तेवढा अंशच वजा करायचा, म्हणजे भागापवाह आहे, हे दिसताक्षणी कळे. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी भूर्जपत्रांवरील जे गणिती हस्तलिखित सापडले आणि जे आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, त्यात बिंदूऐवजी संख्येच्या उजवीकडे एक फुली आहे, जी हुबेहूब आजच्या अधिकच्या चिन्हासारखी दिसते. आजचा वाचक ते पान नकळत उलटे वाचील, हा केवळ योगायोगाचा विनोद.

आता प्रत्यक्ष बेरीज पाहता येईल. (−२ ३/४) + (−१ ५/६) ही मांडणी घेतली, तर दोन्ही संख्या ऋण असल्यामुळे ब्रह्मगुप्ताच्या नियमानुसार उत्तर ऋण असणार हे आधीच ठरलेले आहे. उरतो तो प्रश्न एकूण देणे किती एवढाच. पूर्णांक २ आणि १ मिळून ३ होतात. पण ३/४ आणि ५/६ हे तसेच मिळवता येत नाहीत, कारण छेद हा त्या तुकड्याचे माप सांगतो आणि अंश तशा मापाचे किती तुकडे आहेत ते सांगतो. चतुर्थांशाचे तीन आणि षष्ठांशाचे पाच मिळून आठ होतात खरे, पण आठ कशाचे, याचे उत्तर देता येत नाही. शेर आणि तोळे मिसळून नुसता आकडा सांगण्यासारखा हा प्रकार झाला. दोन्ही तुकडे आणखी बारीक करून एकाच मापाचे केले की अडचण संपते, आणि यालाच अपूर्णांकांना समच्छेद करणे म्हणतात. प्राचीन ग्रंथांत त्याला ‘सवर्णन’, म्हणजे एका वर्णाचे करणे, असे नाव होते. चार आणि सहा या दोहोंनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, म्हणजे त्यांचा लघुतम सामाईक विभाज्य अर्थात लसावि, १२ आहे. म्हणून ३/४ चे ९/१२ होतात, ५/६ चे १०/१२ होतात, आणि त्यांची बेरीज १९/१२, म्हणजे १ ७/१२, येते. आधीचे ३ आणि हे १ ७/१२ मिळून ४ ७/१२, आणि ऋण चिन्ह परत लावले की उत्तर −४ ७/१२.

हाच हिशेब जुन्या नाण्यांत केला तर समच्छेदाची कल्पना हातात घेऊन पाहता येते. दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ रोजी येण्यापूर्वी एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै, म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै होत. पावणेतीन रुपये म्हणजे २ रुपये १२ आणे. एक रुपया आणि त्याचे पाच षष्ठांश म्हणजे १ रुपया १३ आणे ४ पै. दोन्ही देणी एकत्र केली की ३ रुपये २५ आणे ४ पै होतात, त्या २५ आण्यांतले १६ आणे रुपया म्हणून पुढे जातात, आणि एकूण देणे ४ रुपये ९ आणे ४ पै निघते, जे नेमके ४ ७/१२ रुपये आहे. येथे लसावि कोणी काढला नाही, कारण तो नाण्यांतच ओतलेला होता: १९२ या संख्येत दोनाचे सहा अवयव आणि तिनाचा एक अवयव असल्याने पाव, अष्टमांश आणि सोळावा हिस्सा यांच्याबरोबर तृतीयांश, षष्ठांश आणि बारावा हिस्साही पूर्ण पैमध्ये निघत असे. शंभर पैशांच्या रुपयाचा षष्ठांश मात्र कधीच पुरा निघत नाही. दशमान पद्धतीने हिशेब सोपा केला हे खरेच, पण तिनाने भागण्याची सोय तिने काढून घेतली, आणि त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

छेद लहान असताना लसावि तोंडी सांगता येतो, पण मोठ्या छेदांसाठी तो शोधण्याची रीत लागते, आणि या रीतीचा इतिहासही लहान नाही. ‘नऊ अध्याय’ या ग्रंथातील नियम सरळ होता: प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणावे, गुणाकार मिळवावेत, आणि छेदांचा गुणाकार हा नवा छेद धरावा. यात चूक काही नाही, मात्र आकडे फुगतात. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रहा’त ‘निरुद्ध’ या नावाने नेमका लसावि वापरला, आणि भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितले की शहाण्याने छेद आधी त्यांच्या सामाईक अवयवाने भागून लहान करावेत आणि मग त्यांनी परस्परांना गुणावे. (−३ ५/१८) + (−१ ७/२४) या उदाहरणात १८ आणि २४ यांचा सामाईक अवयव ६ आहे, त्याने भागल्यावर ३ आणि ४ उरतात. पहिल्या अपूर्णांकाला दुसऱ्याच्या ४ ने वरखाली गुणले की २०/७२ मिळतात, दुसऱ्याला पहिल्याच्या ३ ने गुणले की २१/७२ मिळतात, बेरीज ४१/७२, आणि उत्तर −४ ४१/७२. सरसकट छेदांचा गुणाकार घेतला असता तर ४३२ हा छेद धरून २४६/४३२ पर्यंत जावे लागले असते आणि मग सहाने संक्षेप करून पुन्हा ४१/७२ वरच यावे लागले असते. भास्कराचार्यांची रीत वापरणाऱ्याला ‘लसावि’ हा शब्द माहीत नसला तरी चालते, आणि आजच्या पुस्तकांतील लसाविच्या लांबलचक मांडणीपेक्षा ती हाताला अधिक वळणदार वाटते.

शाळांत बहुधा आणखी एक वाट शिकवली जाते, ती म्हणजे प्रथम दोन्ही संख्यांचे अंशाधिक अपूर्णांक करणे. −२ ३/४ चे −११/४ आणि −१ ५/६ चे −११/६ होतात, छेद बारा केल्यावर −३३/१२ आणि −२२/१२ मिळतात, त्यांची बेरीज −५५/१२, म्हणजेच −४ ७/१२. या वाटेचा मोठा गुण असा की पूर्णांक आणि अपूर्णांक एकदा एकजीव झाले की ऋण चिन्ह त्यांच्यापैकी कोणाचे हा प्रश्न उरतच नाही. फक्त हे रूपांतर करताना चिन्ह बाजूला ठेवून २ ३/४ चे ११/४ करावे आणि मग चिन्ह लावावे. चिन्हासकट गुणाकार करून −२ × ४ + ३ असे मांडले की −५/४ हे चुकीचे रूप तयार होते. दोष आहे तो आकड्यांच्या आकाराचा. (−१२५ २/७) + (−८४ ३/५) ही बेरीज या वाटेने करायची तर ८७७/७ आणि ४२३/५ यांवरून ४३८५/३५ आणि २९६१/३५ गाठावे लागतात आणि ७३४६ ला ३५ ने भागावे लागते, तर वेगवेगळी बेरीज करणाऱ्याला १२५ आणि ८४ यांचे २०९, १०/३५ आणि २१/३५ यांचे ३१/३५, म्हणून −२०९ ३१/३५ असे उत्तर जवळजवळ तोंडी मिळते. लहान आकड्यांसाठी अंशाधिक अपूर्णांकांची वाट आणि मोठ्यांसाठी वेगवेगळ्या बेरजेची, असा काही दंडक नाही. पण कोणतीही एकच वाट परीक्षेत सक्तीची करणे हे गणितापेक्षा तपासणाऱ्याच्या सोयीसाठी असते, असे म्हणावे लागते.

वर सांगितलेला चिन्हाचा घोटाळा झालाच, तर उत्तर किती चुकते हे पाहण्याजोगे आहे. −२ ३/४ म्हणजे −२ + ३/४ आणि −१ ५/६ म्हणजे −१ + ५/६ असे धरणाऱ्याचे उत्तर −३ + १९/१२, म्हणजे −१ ५/१२ येते. खरे उत्तर −४ ७/१२ आहे, तेव्हा या दोहोंत ३ २/१२ चे अंतर पडले, आणि ते अपूर्णांकांच्या बेरजेच्या, म्हणजे १९/१२ च्या, बरोबर दुप्पट आहे. याचे कारण असे की संख्यारेषेवर अपूर्णांक डावीकडे मोजायचे सोडून उजवीकडे मोजले गेले, त्यामुळे जेवढे पाऊल उणे पडले तेवढेच आणखी उलट पडले. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वहीत ही चूक पकडण्यासाठी पुन्हा हिशेब करण्याची गरज नसते. दोन ऋण संख्यांची बेरीज त्या दोघींपेक्षाही लहान असली पाहिजे, आणि −१ ५/१२ ही तर −२ ३/४ पेक्षा मोठी आहे. तसेच −२ ३/४ ही −३ च्या आणि −१ ५/६ ही −२ च्या जवळ असल्याने उत्तर −५ च्या आसपास असणार हा अंदाज आधीच बांधता येतो. पाठ्यपुस्तके अशा अंदाजाला उत्तराइतके महत्त्व देत नाहीत, हे खेदाचे आहे.

एक संख्या ऋण आणि दुसरी धन असेल तेव्हा काम थोडे नाजूक होते. (−५ १/४) + २ २/३ यात देणे ५ १/४ आणि येणे २ २/३ असल्याने फिटायचे जे राहील ते देणेच असेल, आणि किती ते अंतर काढून कळेल. समच्छेद केल्यावर ५ ३/१२ मधून २ ८/१२ काढायचे आहेत, पण तीनांतून आठ जात नाहीत, म्हणून ५ मधील एक मोडून त्याचे १२/१२ करावे लागतात आणि ५ ३/१२ ला ४ १५/१२ असे लिहावे लागते. मग उत्तर −२ ७/१२ येते. हातचा न घेता पुढे जाणारी वाटही आहे: पूर्णांकांची बेरीज −५ + २ = −३, अपूर्णांकांची −३/१२ + ८/१२ = ५/१२, म्हणून उत्तर −३ + ५/१२. येथे पूर्णांक ऋण आणि अपूर्णांक धन असे मिश्र रूप खरोखरच तयार झाले आहे, आणि ते −३ ५/१२ असे लिहिण्याचा मोह ज्याला आवरत नाही तो बरोबर केलेला हिशेब शेवटच्या ओळीत बिघडवतो. −३ च्या उजवीकडे ५/१२ गेल्यावर जे ठिकाण येते ते −२ ७/१२ आहे. तीन रुपयांच्या देण्यात पाच द्वादशांशाची सूट, अशा अर्थाने पाहिले तर हा भास्कराचार्यांचा भागापवाहच आहे, फक्त तो ऋणाच्या बाजूला उभा आहे.

मराठीने ‘पावणे’ हा शब्द जपल्यामुळे हे रूप तिच्यात रोज बोलले जाते. चष्म्याचा नंबर ‘मायनस पावणेचार’ आहे असे म्हणताना चारातून पाव आधीच काढलेला असतो आणि उणे चिन्ह त्या सगळ्याला लागते, म्हणजे −(४ − १/४), अर्थात −४ + १/४. तीच संख्या कागदावर −३ ३/४, म्हणजे −३ − ३/४, अशी लिहिली जाते. एकाच संख्येची ही दोन रूपे शेजारी ठेवली तर हेही लक्षात येते की −४ १/४ कडे पाहून −४ + १/४ असे वाचणारा विद्यार्थी नकळत सव्वाचार लिहिलेले असताना पावणेचार वाचत असतो.

चष्म्याच्या नंबरात ऋण पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज ही केवळ शाळेची कसरत राहत नाही. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात, जे फेर्दिनां मोनोये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२ मध्ये सुचवले आणि ज्यात मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा गुणाकार व्यस्त घेतात; अंतर्गोल भिंगाची शक्ती ऋण असते. पातळ भिंगे एकमेकांना चिकटून ठेवली की त्यांच्या शक्तींची बेरीज होते, म्हणूनच तपासणीच्या चौकटीत एका भिंगापुढे दुसरे सरकवून नंबर ठरवता येतो. ज्या डोळ्याला सिलिंडरचाही नंबर आहे, म्हणजे ज्याला एका दिशेत अधिक शक्ती लागते, त्याच्या कागदावर समजा −२ १/४ हा मुख्य नंबर आणि −१ १/२ हा सिलिंडरचा १८० अंशांच्या अक्षाचा नंबर लिहिला असेल, तर अक्षाच्या दिशेत भिंगाची शक्ती −२ १/४ असते आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेत (−२ १/४) + (−१ १/२), म्हणजे −३ ३/४. वजा सव्वादोन आणि वजा दीड मिळून वजा पावणेचार. हाच नंबर धन सिलिंडरच्या भाषेत लिहायचा झाला तर मुख्य नंबर −३ ३/४, सिलिंडर +१ १/२ आणि अक्ष ९० अंश असा लिहितात, आणि तो बरोबर उतरला की नाही हे (−३ ३/४) + १ १/२ ही बेरीज पुन्हा −२ १/४ येते का यावरून पडताळता येते. छेद येथे दोन आणि चार एवढेच असल्याने लसावि नेहमी मोठा छेदच ठरतो.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही दीर्घकाळ अशीच स्थिती होती. तेथे भाव डॉलरच्या अष्टमांशांत सांगितले जात, १९९७ मध्ये त्यांची जागा षोडशांशांनी घेतली आणि २००१ मध्ये दशांश आले. तोवर वृत्तपत्रांतील चढउताराच्या रकान्यात −१ ३/८ सारखे आकडे रोज छापले जात. एका दिवशी −१ ३/८ आणि दुसऱ्या दिवशी −२ ५/१६ अशी घसरण झाली तर एकूण −३ ११/१६, हे त्या बाजारातील दलाल कागदाशिवाय सांगत असणार, कारण आठाचे सोळा करण्यापलीकडे त्यात काही नव्हते.

ऋण संख्येचा ‘पूर्णांक भाग’ कोणता, या प्रश्नावर संगणकही एकमताने उत्तर देत नाही. एक्सेलमध्ये −२.७५ या संख्येवर ‘इंट’ हे सूत्र चालवले तर −३ मिळतात आणि ‘ट्रंक’ चालवले तर −२ मिळतात, कारण पहिले सूत्र संख्यारेषेवर डावीकडचा पूर्णांक शोधते आणि दुसरे केवळ दशांशचिन्हापुढचे अंक कापून टाकते. पहिल्याच्या दृष्टीने ही संख्या −३ + ०.२५ आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने −२ − ०.७५. पावणेतीन म्हणावे की दोन आणि तीन पाव, हाच तो जुना भेद.

लघुगणकाच्या तक्त्यांनी तर पहिली दृष्टी नियम म्हणूनच स्वीकारली. हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशाधारी तक्त्यांपासून पुढे जी पद्धत रूढ झाली, तिच्यात एकाच अंकसमूहासाठी दशांशापुढील भाग कायम सारखा आणि कायम धन ठेवला जातो, म्हणजे २, २० आणि ०.०२ या तिन्हींसाठी तक्त्यात एकदाच पाहिलेले ०.३०१० पुरते. त्यामुळे ०.०२ चा लघुगणक −१.६९९० असा न लिहिता −२ + ०.३०१० असा धरतात, आणि ऋण चिन्ह संख्येच्या डावीकडे न ठेवता फक्त दोनाच्या डोक्यावर आडवी रेघ देतात, जेणेकरून त्याची पोच दोनापुरतीच आहे हे दिसावे. ज्या वाचनाला शाळेच्या वहीत लाल रेघ मिळते तेच वाचन येथे बरोबर आहे, मात्र त्यासाठी चिन्हाची जागा बदलावी लागली. ०.०२ आणि ०.५ यांचा गुणाकार या तक्त्यांनी करायचा तर −२ + ०.३०१० आणि −१ + ०.६९९० यांची बेरीज करायची. रेघेखालचे पूर्णांक मिळून −३, दशांश मिळून १.००००, त्यातला एक हातचा म्हणून −३ मध्ये मिळवला की −२, आणि −२ हा ०.०१ चा लघुगणक आहे.